मधूचा डाव

मधू काल सकाळी मेला.

गेला, हरपला, असलं कायबी लिवत न्हाय. त्यालाच आवडायचं न्हाय.

कमेंटमधी रडकी चित्रं टाकू नका. वाचा आणि गप कामाला लागा.

मधू आणि मी इचलकरंजीत एकाच शेडात मागावर हुतो. चार माग, दोघांत. तो दिवसपाळीला तर मी रातपाळीला. आठवडा झाला की उलटं.

म्हणजे गाठ पडायची ती फक्त पाळी बदलताना. धा मिनिटं.

"तीन नंबरचा धोटा उडतोय, बघ." एवढंच बोलणं. धोटा म्हंजे मागात आडवं सूत घिऊन पळतो त्यो.

दोन हजार चार-पाच साल असंल. मधूच्या मेव्हण्यानं मस्कतवरनं पोरीसाठी एक व्हिडिओ गेम आणला. हातात धरायचा. जांभळा. दोन पेन्सिल सेल. वर एक कॅसेट खोचलेली.

पोरीनं चार दिवसांत टाकला. म्हणली, "पप्पा, ह्यात कायच पळत न्हाय."

मधूनं उचलला.

लढाईचा गेम. निळं सैन्य माझं, तांबडं त्याचं. बारकी बारकी माणसं, रणगाडे. तू तुझी सगळी हलीव, बटण दाब. मग मशीन दुसऱ्याच्या हातात द्यायचं. त्यानं त्याची हलवायची.

तवर समोरचा गोळी मारत न्हाय. जागचा हलत न्हाय.

इंग्रजी दोघांला बी येत न्हवतं. मी सातवी नापास, तो नववी. गरज पडली न्हाय.

पाळी बदलताना डब्याच्या पिशवीतनं मशीन इकडनं तिकडं. धोट्याचं सांगायचं, सुताचं बीम कधी संपतंय ते सांगायचं, आणि म्हणायचं, "डाव तुझा."

स्क्रीनला लाईट न्हवती. सकाळी सुटलो की चहाच्या गाड्याम्होरं उन्हात बसून, मान वाकडी करून बघायला लागायचं.

गाडीवाला म्हणायचा, "म्हातारं झालासा की, आता तर गेम सोडा."

"तू चहा दे. साखर कमी घालतोस, त्ये बघ आधी."

लोक इचारायचे, काय हाय त्यात एवढं?

आरं, बारा तास मागाम्होरं पळायचं. हिकडं धागा तुटला, तिकडं सुताची कांडी संपली. माग इचारत न्हाय, तुझं पाय दुखतंय का.

ह्ये मशीन थांबायचं. तू दाबत न्हाईस तवर थांबायचं. लई न्हाय, एवढंच हाय त्यात.

पण मला दम कुठला. मी दोन मिनटात डाव खेळून मोकळा. मधू एका डावाला दोन दोन दिवस लावायचा.

एका साली त्याची आई वारली. आजऱ्याकडं गावी गेलता, आठवडाभर.

आमच्या मागवाल्यांत रीत हाय. म्होरचा आला न्हाय तर आदल्यानं डबल पाळी मारायची. मी मारली, मधी मधी बदलीवाला लावून झोपलो.

मशीन माझ्याकडं. डाव मधूचा. एक दिवस थांबलो, दोन दिवस थांबलो. तिसऱ्या दिवशी म्हणलं, माग चालीवतोय तर ह्ये बी चालवू की.

त्याचा डाव मीच खेळलो. इमानदारीत खेळलो. त्याच्या बाजूनं माझाच रणगाडा फोडला.

मधू आला. टक्कल केलेलं न्हवतं, त्यांच्यात करत न्हाईत. पण त्वांड बघवत न्हवतं.

मी फुशारकीनं म्हणलं, "तुझी डबल पाळी मारली. मागावर बी आणि हितं बी."

त्यानं मशीन बघितलं.

"माग चालीवलास, बरं केलंस. डाव का खेळलास?"

"आरं चांगलाच खेळलोय की! बघ तर, माझाच रणगाडा—"

"आई मेली तरी माग थांबला न्हाय. मालक थांबला न्हाय. ह्येच एक माझ्यासाठी थांबलेलं असंल म्हणून आलतो."

माफी-बिफी मी मागत न्हाय. गेम पुसला, नवा लावला, मशीन त्याच्या हातात दिलं.

"पहिला डाव तुझा."

तवापासनं दुसऱ्याच्या डावाला हात लावला न्हाय.

पुढं शेड बंद पडली. माग भंगारात गेलं. मधू कळंब्याला पोरीकडं ऱ्हायला गेला. मी दर रविवारी येसटीनं जायचो. फोनवरचं गेम बघितलं आम्ही. नुसती बोंबाबोंब. परत ह्येच काढलं. एक बटण दाबलं जात न्हवतं, त्याला काडीपेटीची काडी लावायची.

वीस वर्सं झाली, दोघांला बी कट्टाळा आला न्हाय. बाकी सगळ्याचा आला.

औंदा मधूची छाती धरली. दवाखान्यात तीन रविवार गेलो. तिन्ही रविवारी डाव त्याचाच.

"मधू, दाब की कायतर. तीन आठवडं झालं."

"थांब गा. इचार करतोय."

"इचार कसला त्यात! कोंबडीनं टोच मारली तरी हुतंय."

हसला. खोकला. दाबलं न्हाय.

आज त्याची पोरगी, सुनीता, मशीन घिऊन आली. सेल घालून चालू केलं.

डाव तसाच हाय. तांबड्याचा एक रणगाडा माझ्या ठाण्यापासनं तीन घरांवर. म्होरं घेतला की माझं ठाणं पडतंय. मधू जिंकतोय.

तीन आठवडं त्याला ह्ये दिसलं न्हाय व्हय?

सुनीता म्हणली, "काका, तुमीच दाबा की. पप्पा जिंकतील."

"न्हाय."

"आवो, त्यांच्यासाठीच तर—"

"डाव त्याचा हाय, बाळ. एकदा मारली हुती डबल पाळी. बास झाली."

सेल काढून ठेवलं. सेल काढलं तरी कॅसेट इसरत न्हाय. कपाटात ठेवलंय, गंजीफ्रॉकात गुंडाळून.

उद्या रविवार. येसटीत बसायचं कारण न्हाय आता. पाय बी दुखत्यात.

मधू, जय भीम.

डाव तुझाच हाय. घाई न्हाय.