पाण्यावर लावलेली अक्षरं

वहिनींनी लावलेल्या स्टिकरखाली बुडबुडा सापडला तर चहा माझ्याकडून, असं त्यांचा दीर गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगायचा. काचांवर नावांची स्टिकरं लावून देणारं दुकान दिराचं, हात वहिनींचा. सव्वीस वर्षांत त्याच्यावर एकदाही चहा पाजायची वेळ आली नव्हती, नाहीतर असलं काही बोलण्यातला तो माणूस नव्हे.

गेले सहा महिने मात्र वहिनी धास्तावलेल्या होत्या. उजवा हात थरथरायचा. आधी नुसता मांडीवर असताना, आता काम करतानाही. त्यांच्या वडिलांचा हातही असाच थरथरायला लागला होता, मग अक्षर बारीक होत गेलं आणि शेवटी त्यांना भरवावं लागायचं.

कोरडं स्टिकर काचेला एकदा टेकलं की टेकलं. म्हणून त्या गुपचूप साबणाच्या पाण्यावर आल्या. ओल्या काचेवर अक्षरं सरकवता येतात, चूक सावरून घेता येते.

"वहिनी, एवढ्याशा अक्षरांनाही पाणी?" दिराने एकदा विचारलंच.

"काच तापलेली असते भाऊजी. लगेच धरून ठेवते."

त्याला पटलं. वहिनींच्या जिवात जीव आला, पण तेवढ्यापुरताच.

आज एका दवाखान्याच्या काचेच्या दारावर नव्या डॉक्टरबाईंचं नाव लावायचं होतं. नावाखाली लिहिलं होतं, 'मेंदू व मज्जातंतू विकारतज्ज्ञ'. वहिनींनी ती ओळ दोनदा वाचली. दीर बाहेर गाडीपाशी होता. त्यांनी पाणी मारलं, अक्षरं टेकवली, रेषेत सरकवली, रबरी पट्टी मधून कडेला ओढत हवा बाहेर काढली. अक्षरं धरून ठेवणारा वरचा कागद सोलायला घेतला आणि हात नाचायला लागला. डाव्या हाताने त्यांनी मनगट घट्ट धरलं. वर पाहिलं तर काचेपलीकडून डॉक्टरबाई त्या मनगटाकडेच बघत होत्या.

दार उघडलं. "किती दिवस होतंय असं?"

"पाण्यात असतो ना सारखा. गारठतो."

"आत या जरा."

"भाऊजींना सांगू नका," वहिनींच्या तोंडून निघून गेलं.

"मी कशाला सांगू? बसा. तुमचं नाव लिहा बघू, एकाखाली एक, पाच वेळा."

वहिनींना हायसं वाटलं. लिहायचंच ना, उभा जन्म अक्षरांत गेला होता. त्यांनी भराभर लिहिलं, पेन ठेवलं आणि सवयीने अक्षरांची उंची पाहिली. पहिली ओळ ठीक होती. दुसरी जराशी लहान. पाचवी मुंगीएवढी, अक्षरं एकमेकांत घुसलेली. लिहिताना त्यांना काहीच कळलं नव्हतं. हात तर थरथरलाही नव्हता.

डॉक्टरबाई काही बोलायच्या आत वहिनींनी कागदावर तळहात ठेवला.

"दुसरा कागद द्या," त्या म्हणाल्या. "या वेळी एकसारखं लिहिते."