सामन्याचा नारळ
मैदानावर आखलेल्या फक्कीचा वास आला की मला आमच्या वळ गावातला तो फुटबॉलचा सामना आठवतो. भात कापून झालेल्या आमच्या शेतातच बांबूचे गोल उभे केले होते. शेत दादाचं आणि माझं, दोघांचं. ते गोदामाला द्यायचा त्याचा हट्ट होता आणि मी अडून बसलो होतो. तरी त्याने आग्रह केला म्हणून त्याच्याबरोबर सामन्याला गेलो. गोदामवाला शेठ पाहुणा म्हणून खुर्चीवर होता. दादाने माझ्या हातात नारळ ठेवला. "फोड रं धाकल्या, घरचाच सामना हाय." मी फोडला. दादाने पहिलं खोबरं शेठला दिलं आणि माईकवर म्हणाला, "शेताचा नारळ धाकल्याने फोडला. आता शब्द फिरायचा न्हाय." आमच्याकडे गावासमोर नारळ फुटला की व्यवहार पक्का. "अरे, तो सामन्याचा होता!" मी ओरडलो, पण शिट्टी वाजली, पोरं धावली आणि म्हातारी मंडळी खाली बघत खोबरं चघळत राहिली. बाजारात मला कुणी फसवून दाखवावं! पण सख्ख्या भावापुढे सावध राहायचं मला सुचलंच नाही. आज तिथे गोदाम आहे. दादाशी निदान भांडण तरी उरेल असं वाटलं होतं, पण मला पाहिलं की तो वाट बदलतो.