पूर्ण पेन्शन, अर्धी पेन्शन

"पोरीच्या तोंडून अर्थ घेऊ नको. तिला जायचंय."

दोडप्पांचा आवाज बाहेरच्या सोप्यातून आला तेव्हा मी कॉफीचे पेले घेऊन दाराच्या अलीकडे उभी होते. दोडप्पा म्हणजे अप्पांचे थोरले भाऊ. अप्पा, म्हणजे माझे वडील, यावर काही बोलले नाहीत. त्यांनी "छे" जरी म्हटलं असतं तरी मला पुरलं असतं. कॉफीवर साय धरेपर्यंत मी तिथंच थांबले आणि मग मुद्दाम पावलांचा आवाज करीत आत गेले.

दोघं तक्क्याला टेकून बसले होते. मधे सतरंजीवर दोन कागद होते, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून एकावर अडकित्ता ठेवलेला आणि दुसऱ्यावर दोडप्पांच्या चष्म्याचं घर. दोन्ही कागद व्हिएन्नाहून आले होते.

अव्वाचा, म्हणजे माझ्या आईचा, डावा डोळा आदल्या वर्षीच गेला होता. आता उजव्यातही अंधार शिरू लागला होता. मोतीबिंदू असता तर कुठंही काढता आला असता. हा डोळ्याच्या आतला पडदा सुटत होता, आणि तो बसवणारा डॉक्टर व्हिएन्नात आहे, लवकर गेलात तर उपयोग, असं मुंबईच्या डॉक्टरांनी अप्पांना बाजूला घेऊन सांगितलं होतं. अप्पांचं कापडाचं दुकान चांगलं चालत होतं. आगबोटीची तिकिटं काढून देणाऱ्या मुंबईच्या एजंटानं तिथल्या दोन लहान हॉटेलांना लिहून त्यांची उत्तरं इंग्रजीत मागवली होती. त्यातलं एक आज ठरवायचं होतं. संध्याकाळच्या टपालानं होकार जायला हवा होता.

अप्पा आणि अव्वा जाणार हे पक्कं होतं. माझं मात्र हॉटेलावर लटकलेलं होतं. एका ठिकाणी जेवण मिळत नव्हतं, खोलीतच शिजवून खायचं. ते घेतलं तर अव्वासाठी चूल सांभाळायला बाईमाणूस लागणार, म्हणजे मी. दुसरं एका विधवा बाईनं चालवलेलं घर होतं, दवाखान्याजवळचं. तिथं आजाऱ्यांकडे बघतात असं लिहिलेलं होतं, म्हणजे माझी गरज नाही. शिवाय दुधनीच्या एका घरी माझं बोलणं चाललं होतं, आणि आगबोटीत बसून आलेली मुलगी ते करतील का, ही दोडप्पांची काळजी होती.

"बस हितं," दोडप्पा म्हणाले. "दोन्ही वाचून दाखव. नुसतं वाच हं. अर्थ आमचा आम्ही लावू."

मी आधी शिजवून खायच्या जागेचं पत्र वाचलं. शब्द सोपे होते. नो मील्स आर सर्व्ह्ड, हे अप्पांनाही कळलं. खोलीत गॅस-रिंग आहे, लिफ्ट नाही, खोल्या तिसऱ्या मजल्यावर, विंडो अपॉन द कोर्ट.

"कोर्टावर खिडकी!" दोडप्पा म्हणाले. "रोज उठून दावे ऐकत बसायचं का काय? आणि गॅस म्हणजे बत्ती असंल. बत्तीवर कुणी भाकरी भाजतं व्हय?"

कोर्ट म्हणजे मागचा चौक, आणि रिंग म्हणजे शेगडी. मला माहीत होतं. रात्री हे पत्र वाचलं तेव्हाच मी त्या चौकावरच्या खिडकीत मनानं जाऊन बसले होते. खाली कुणाचे कपडे वाळत असतील, जिन्यात कुणाशी गाठ पडली तर ते कुठल्या भाषेत बोलतील, आणि तिथं मला कुणीही ओळखत नसेल. सोलापुरात मी गल्लीतून निघाले की घराघरांतले हातमागसुद्धा क्षणभर थांबतात असं मला वाटे. साहेबांच्या शाळेतली म्हणून लोक माझ्याकडे बघत आणि मी चपलांकडे बघत चाले. पण आता "नुसतं वाच" म्हटलं होतं. मी कागद परत अडकित्त्याखाली सरकवला.

मग विधवा बाईंचं पत्र घेतलं. त्याच्या डोक्यावर निळ्या ठळक अक्षरांत एक शब्द छापलेला होता. मी तो उच्चारायच्या आधीच दोडप्पा पुढं सरकले आणि त्यांनी त्यावर बोट ठेवलं.

"पेन्शन!"

कलेक्टर कचेरीत अव्वल कारकून म्हणून ते रिटायर झाले होते आणि महिन्याला कोट घालून, डोक्याला रुमाल बांधून पेन्शन आणायला जात. हा शब्द त्यांच्या घरचा होता. त्यांचा चेहरा असा उजळला, जणू परक्या गावात गाववाला भेटावा.

"म्हणजे रिटायर झालेल्या अंमलदारांची जागा ही. सरकारी. पुढं वाच."

"फुल पेन्शन अँड हाफ पेन्शन," मी वाचलं.

"बघ! पूर्ण पेन्शन म्हणजे पुरी नोकरी केलेले. अर्धी म्हणजे मधेच सुटलेले."

"इनव्हॅलिड्स रिसीव्ड."

"इनव्हॅलिड पेन्शन! अरे, आमच्या कचेरीतल्या नाझरला तीच मिळाली की. दम्यानं." त्यांनी अप्पांच्या गुडघ्यावर थाप मारली. "सगळं नियमाला धरून हाय."

"एक्सलंट टेबल."

"लिहायला टेबलसुद्धा हाय. उत्तम. हिशेब लिहायला बरं तुला."

अप्पा हसले. कितीतरी दिवसांनी हसले, म्हणून मला आणखीच बोलता येईना.

टेबल म्हणजे त्यांचं जेवण. तसं मी पुस्तकांतून वाचलं होतं. आणि पेन्शन हा शब्द माझ्या शाळेतल्या बाईंनी एकदा वेगळाच, नाकातून उच्चारून सांगितला होता. सुट्टीत युरोपात त्या तसल्या एका घरात राहिल्या होत्या. खोलीबरोबर जेवण घ्यावंच लागतं, सगळ्यांनी एका लांब टेबलाशी, आणि पहिल्या दिवशी वासराची जीभ वाढली होती, असं सांगून त्या हसल्या होत्या. आम्ही मुलीही हसलो होतो. तेव्हा ते फक्त हसण्यासारखं होतं.

अव्वा सकाळी अंघोळ करून, गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय पाण्याचा थेंब घेत नसे. मांस शिजलेल्या चुलीवरचं दूधही तिला चालत नसे. डोळे दाखवायला मुंबईला गेलो तेव्हा आम्ही इथून शिदोरी नेली होती, आणि ती संपल्यावर अव्वा केळ्यांवर राहिली होती. एकदाही कुरकुरली नव्हती. उद्या त्या घरातही ती कुरकुरणार नाही, हेच मला भ्यायला पुरेसं होतं. दोन्ही डोळ्यांना पट्टी बांधून पडलेल्या बाईच्या ताटात काय आहे, ते तिला कोण सांगणार?

एवढं सगळं माझ्या तोंडाशी होतं. पण खरं सांगितलं की त्यातून माझंच तिकीट निघत होतं. खोटं सांगायचं असतं तर एक वेळ लाजून गप्प बसता आलं असतं. इथं खरं तेच बोलायचं होतं आणि ते खोट्यासारखं ऐकू येणार होतं.

"आणि पोरीच्या आईच्या जेवणाचं?" दोडप्पा स्वतःच म्हणाले. "त्याची काळजी नको. हे सगळे साहेब हिंदुस्थानात नोकऱ्या करून गेलेले. वरणभात खाल्लेली माणसं. सरकारी जागा म्हणजे अर्ज केला की वेगळी चूल मंजूर होतीच. मीच लिहितो."

त्यांनी लिहायची पेटी ओढली. त्यांचं इंग्रजी अक्षर फार सुरेख होतं. आय हॅव द ऑनर, इथंपर्यंत आले तेव्हा मला राहवलं नाही.

"दोडप्पा, डिक्शनरी आणू का?"

"डिक्शनरी देती का मला पेन्शन?" ते मान वर न करता म्हणाले. "आण. बघ तुझं समाधान होतं का."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, पण ते मला तोलत होते. गिऱ्हाईक कापड उलटंसुलटं करू लागलं की ते असंच पाहत.

आत जाऊन मी शाळेची डिक्शनरी काढली. पेन्शन, नोकरीनंतर मिळणारा ठरावीक पैसा. एवढंच. खाली दुसरा अर्थ नाही, तिसरा नाही. माझ्याजवळ आता फक्त बाईंची एक हसत सांगितलेली गोष्ट उरली. ती तरी मला नीट आठवत होती का? की मला जायचं होतं म्हणून आठवत होती? त्या क्षणी मला खरोखर सांगता आलं नसतं.

"काय शोधतीस?"

अव्वा खांबाला टेकून बसली होती. मी पलीकडून गेले तरी पावलांवरून तिला कळे.

"काही नाही."

"काही नाही म्हणून येवढी पानं उलटतात व्हय?" ती म्हणाली. "मला दिसत न्हाय. ऐकू येतं की. टेबल म्हणताना तुझा आवाज बसला. काय हाय त्या टेबलात?"

मी तिच्याजवळ बसले आणि हळूच सांगितलं. वासराचं सांगितलं नाही. नुसतं, ते मांसाहारी खानावळीसारखं असावं, असं म्हटलं. तिचा हात गळ्यातल्या लिंगावर गेला आणि तिथंच राहिला.

"असावं, का हाय?"

"आहे," मी म्हणाले. म्हटल्यावर मला कळलं की मला खात्री होती.

"मग बाहेर सांग."

"तूच सांग ना, अव्वा."

"मला कुठं येतंय इंग्रजी? मी म्हटलं तर म्हणतील पोरीनं शिकवलं." तिनं मान माझ्याकडं वळवली. "जायचंय ना तुला?"

मी डिक्शनरी मिटली.

"मागच्या महिन्यापास्नं तू झोपेत बोलायला लागलीस, ते पण इंग्रजीत," अव्वा म्हणाली आणि हसली. "आणि तिथं भाकरी कोण करणार? दोडव्वा न्हाय तिथं. तुझी भाकरी म्हणजे सोलापूर जिल्ह्याचा नकाशा. करमाळ्याकडं जाड, अक्कलकोटाकडं फाटलेली."

आमच्या घरात भाकरी दोडव्वाच्या, म्हणजे दोडप्पांच्या बायकोच्या, हातची. मी शाळेत असल्यानं मला कुणी चुलीपुढं बसवलंच नव्हतं. अव्वाचं हसू लगेच ओसरलं. ती माझ्या दिशेला, पण माझ्या थोडंसं बाजूला बघत होती. हल्ली तिची नजर अशीच चुकायची.

"मी उपाशी राहीन ग," ती साध्या आवाजात म्हणाली. "उपासाचं मला काही न्हाय. पण डोळे बांधलेले असताना कुणी चमचा तोंडाशी आणला, तर तो कशाचा ते मला कळायचं न्हाय."

गिरणीचा भोंगा झाला. पाळी सुटली, म्हणजे टपालाला फार वेळ नव्हता. बाहेर अप्पा दोडप्पांना रुमाल देत होते, "तुम्हीच जाता का पोस्टात?" असं विचारत होते.

मी उठले. माजघरातून सोप्यात जायला एक उंबरा होता, तेवढाच. मी तो ओलांडला नाही, त्यावरच उभी राहिले. दोडप्पांचा लिफाफ्याला डिंक लावून झाला होता आणि ते अंगठ्यानं कडा दाबत होते. त्यांच्या कपाळावर समाधान होतं. खूप दिवसांनी त्यांच्या कचेरीतल्या ज्ञानाचा घराला उपयोग झाला होता. मला त्यांची कीव आली आणि रागही आला.

"मिळाला का अर्थ?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही म्हणता तोच मिळाला."

"मग?" ते अप्पांकडे बघून हसले. "मी काय म्हणत होतो!" त्यांनी चपला पुढं ओढल्या.

अप्पा हसले नाहीत. "तुला काही सांगायचंय का?" ते म्हणाले.

मी मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, मलाच कळलं नाही. दोडप्पांनी एक पाय चपलेत घातला. मी तोंड उघडलं, पहिल्यांदा नुसती हवा बाहेर आली. मग आवाज आला, तो माझ्या नेहमीच्या आवाजापेक्षा बराच मोठा होता. समोरच्या ओट्यावरच्या बायका वळून बघत होत्या एवढं मला आठवतं.

"दोडप्पा, डिक्शनरीत नाही, पण तिकडं पेन्शन म्हणजे खानावळ. फुल म्हणजे दोन्ही वेळचं जेवण, हाफ म्हणजे एका वेळचं, आणि टेबल म्हणजे त्यांचं मांसाचं ताट. मला जायचंय, ते खरं आहे. माझ्यावर विश्वास नसेल तर शेगडीच्या खोलीत दोडव्वाला न्या, मी इथं राहते, पण अव्वाला त्या घरात ठेवू नका."