विजेचा खाडा

आधी खरातमावशींचं नाव घेतो, मग माझा मूर्खपणा सांगतो. उलट क्रमानं सांगितलं तर लोक हसण्यात इतके रमतात, की मावशींचं नाव ऐकायला कुणी थांबत नाही.

वाळूजला, रांजणगावच्या बाजूला मावशींची खानावळ आहे. पत्र्याची एक लांब खोली, चार बाकं, दोन टेबलं आणि भिंतीवर पाटी : ‘खाडा आदल्या दिवशी सांगावा.’ मी गडचिरोलीकडचा. नववीतून शाळा सुटली (म्हणजे मी सोडली, शाळेनंही फारसं अडवलं नाही) आणि एकोणिसाव्या वर्षी इथल्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर लागलो. माझं गाव इतकं लांब, की निघताना बांधून दिलेली भाजी इथं पोचेपर्यंत आंबते. पहिली चार वर्षं मी मावशींच्या ताटावर वाढलो. मला ताप आला की मावशी भात मऊ करायच्या, आणि मी तापापेक्षा जास्त घाबरलो की ओरडायच्या. दोन्हीनं गुण यायचा.

ज्यांनी कधी खानावळीत जेवण केलं नाही अशा भाग्यवान लोकांसाठी खाडा म्हणजे काय ते सांगतो. खानावळीत महिन्याचे पैसे ठरलेले असतात. पण तुम्ही गावाला जाणार असाल आणि आदल्या दिवशी तसं सांगितलंत, तर तेवढ्या दिवसांचे अर्धे पैसे कापून मिळतात. माझं सगळं अर्थशास्त्र या एका नियमावर उभं आहे. नववीच्या पुस्तकातही अर्थशास्त्र होतं, पण ते शेवटी होतं, आणि मी त्याच्या आधीच निघालो.

पुढं लग्न झालं. संगीता आली. कर्ज काढून पाऊण गुंठ्यात दोन खोल्या बांधल्या आणि विजेचा मीटर माझ्या नावावर आला. बिलावर माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट! शाळा सोडल्याच्या दाखल्यानंतर सरकारदरबारी माझं नाव कुणी इतक्या मानानं लिहिलं नव्हतं. ते पहिलं बिल मी महिनाभर पाकिटात घालून फिरलो.

उन्हाळ्यात आम्ही गावाला गेलो. मी स्वभावानं घाबरट. मेन स्विच बंद केला, पुन्हा चालू करून पुन्हा बंद केला, कुलूप तीनदा ओढून पाहिलं आणि बसस्टँडवरून रिक्षानं परत येऊन चौथ्यांदा ओढलं. परत आलो तर दाराच्या फटीत बिल. आम्ही नव्हतो त्या दिवसांचंही! संगीता बारावी झालेली आहे. तिनं बिल उलटंसुलटं वाचलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं : स्थिर आकार.

“हे वापरा नाही तर नका वापरू, द्याच लागते,” ती म्हणाली.

“काऊन?”

“तसंच असते जी.”

तसंच असते, हे उत्तर मला शाळेतही पटत नसे. म्हणजे मी गावात आंब्याखाली झोपलेलो आणि इकडं वाळूजला माझ्या नावानं रोज थोडा थोडा आकार चढतोय! त्या रात्रीपासून मला सुखाची झोप लागेना. खानावळ, जिथं खरंखुरं अन्न शिजतं, ती खाडा देते. आणि वीज, जी डोळ्यांना दिसतही नाही, ती देत नाही? मग एकदम उजेड पडला. देत असणार. आपण आदल्या दिवशी सांगितलं नाही, एवढीच आपली चूक!

दिवाळीला पुन्हा वीस दिवस गावी जायचं होतं. या खेपेला संगीतानं एक मोठं काम अंगावर घेतलं होतं. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या वंदनाताईंच्या मुलीचं लग्न होतं आणि घरातल्या बायकांचे अकरा ब्लाउज संगीताला मिळाले होते. आम्ही सोमवारी परतायचं, शुक्रवारी ब्लाउज द्यायचे. तिच्या शिलाई मशीनला नवी मोटर बसवलेली होती. हुका-काजांना मदत म्हणून ती आपल्या आईला सोबत आणणार होती. सासूबाई पहिल्यांदाच आमचं घर बघायला येणार होत्या. “हे काम नीट झालं तं सारी गल्ली आपल्याकडं येईल,” संगीता म्हणाली होती. तिच्या आयुष्यातलं ते पहिलं मोठं काम होतं.

मी खानावळीत जाऊन मावशींना विचारलं, खाड्याचा अर्ज कसा लिहायचा? मावशी भजी तळत होत्या. त्यांना वाटलं, कारखान्यातल्या कुणा नव्या पोराचं काही असेल. “तारखा लिही अन् आदल्या दिवशी नेऊन दे. त्यात काय एवढं?” असं म्हणून त्यांनी मला दोन भजी दिली.

मी अर्ज घेऊन वीज कचेरीत गेलो. ‘सदर कालावधीत आमचा खाडा धरावा, ही नम्र विनंती.’ तिथल्या साहेबांनी तो दोनदा वाचला, शेजारच्या साहेबांना वाचायला दिला आणि मग मला बसायला खुर्ची दिली. माणूस भला होता. म्हणाला, खांब, तारा, डीपी, दुरुस्तीची माणसं हे सगळं तुम्ही गावाला गेलात तरी इथंच राहतं, त्याचा तो आकार. मी म्हणालो, साहेब, आमच्या दोन ट्यूब अन् एका पंख्याला जेवढा आकार, तेवढाच समोरच्या दुमजली घराला. त्यांच्यासाठी खांब जास्त वाकत असेल की नाही? उत्तर म्हणून त्यांनी एक छापील फॉर्म पुढं केला. कनेक्शन कायमचं बंद करायचा अर्ज दिला, तर मीटर काढून नेतात आणि मग आकार बंद होतो, असं ते बोलता बोलता म्हणाले.

“आणि भरलेली अनामत?”

“हिशोब करून परत.”

मला स्वर्ग दोन बोटं उरला. पुन्हा वीज पाहिजे असेल तर सगळं नव्यानं करावं लागेल, असंही ते म्हणाले. दोनदा म्हणाले. पण मी खानावळीत सहा वेळा नाव काढून सहा वेळा परत लावलेलं होतं. नाव लावायला मावशींना ‘आलो’ एवढंच सांगावं लागतं. मी सही केली. संगीताला काही सांगितलं नाही. परत आल्यावर तिला चकित करायचं, असा बेत होता.

तो बेत मात्र शंभर टक्के पार पडला.

सोमवारी दुपारी आम्ही तिघं पोचलो. सासूबाईंच्या डोक्यावर तांदळाचं गाठोडं, संगीताच्या हातात ब्लाउजचं कापड, माझ्या हातात बाकी सगळं. संगीतानं बटण दाबलं. पंखा हलला नाही. ती बाहेर आली आणि तिनं भिंतीकडं पाहिलं. मीटरच्या जागी रंग न उडालेला एक चौकोन होता, आणि दोन वायरींच्या टोकांना काळी टेप.

“मीटर चोरीले गेला!” सासूबाई गाठोड्यासकट मटकन खाली बसल्या. “कोण्या मुलखात देल्ली बाप्पा मी माही पोरगी!”

मला तेव्हाच बोलायचं होतं, पण मी आधी हातातलं सामान एकेक करून खाली ठेवलं. तोवर गल्ली जमली. समोर राहणारे रिक्षावाले पठाणचाचा पुढं आले. त्यांनी टेप निरखून पाहिली आणि म्हणाले, “चोर लई सलीकेवाला दिसतो. लेकरांना शॉक लागू नाय म्हणून टेप लावून गेला.” मग त्यांनाच आठवलं, की मागच्या आठवड्यात भरदुपारी दोघं शिडी घेऊन आले होते. “अरे, मैंनेच पानी पिलाया ना उनको! शिडी भी मी धरली!” चाचांच्या चेहऱ्यावर असा पश्चात्ताप दाटला, की माझ्यातला उरलासुरला खरेपणाही खचला. आता खरं सांगावं तर ते शिडी धरल्याबद्दल मला माफ करणार नाहीत, असं वाटलं. पोलीस स्टेशनला फुकट नेतो, म्हणत त्यांनी आम्हा तिघांना रिक्षात कोंबलं. चोरीची फिर्याद द्यायला चोर स्वतः मधल्या सीटवर, एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला सासू!

रिक्षा खानावळीसमोरून निघाली. मावशी दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी हात केला, चाचांनी ब्रेक मारला आणि सगळी हकीकत सांगितली. मावशींनी ती चाचांकडं न पाहता माझ्याकडं पाहत ऐकली. घाबरल्यावर माझे कान लाल होतात, हे त्यांना खानावळीतल्या त्या चार वर्षांपासून माहीत होतं.

“दिवाकर, उतर खाली. त्या दिशी अर्ज कशाचा विचारत होतास?”

“खाड्याचा.”

“कोणाच्या खाड्याचा?”

“विजेच्या,” मी म्हणालो.

चाचांनी इंजिन बंद केलं. मला वाटलं, आता संगीता ओरडेल. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं मांडीवरच्या कापडाच्या गठ्ठ्यावरून हात फिरवला आणि हळूच म्हणाली, “मावशी, शुक्रवारी अकरा ब्लाउज द्याचे आहेत.”

मावशींनी सूप बाजूला ठेवलं. सासूबाईंचा हात धरून त्यांना खाली उतरवलं आणि म्हणाल्या, “ताई, पोराला नावं ठेवू नका. खाड्याची सवय मीच लावली त्याला. अर्ज बी मीच सांगितला. अर्धा गाढवपणा माझ्या नावावर धरा.” मग चाचांना म्हणाल्या, “अन् तुम्ही, रिक्षा फिरवा. मशीन घेऊन या. इथं लाइट हाये, टेबल हाये, अजून काय लागतं?”

चार दिवस संगीताची मोटर खानावळीत चालली. एका टेबलावर कापड, दुसऱ्यावर जेवण. कापडाला वास लागू नये म्हणून मावशींनी चार दिवस फोडणी बंद ठेवली. चाळीस कामगारांना वरणभात आणि उकडलेली अंडी! दुसऱ्या दिवशी एकानं विचारलं, मावशी, तब्येत खराब हाये का कोणाची? मावशींनी माझ्याकडं बोट दाखवलं. “याची. डोक्यात गेलंय.” तेव्हापासून कारखान्यात मला पाहिलं, की कुणी ना कुणी अंड्याचा भाव विचारतं.

मंगळवारी सकाळी मावशी माझ्यासोबत कचेरीत आल्या. साहेबांनी ओळखलं. “झाला का खाडा पूर्ण?” पुन्हा अर्ज, पुन्हा अनामत, पुन्हा जोडणीचा खर्च. त्या खर्चात किती महिन्यांचा स्थिर आकार बसला असता, ते संगीतानं मोजून मला सांगितलंय. मी ते इथं लिहीत नाही. नवा मीटर यायला पुढचा आठवडा उजाडणार होता.

परतताना मी मावशींना विचारलं, तुम्ही खाडा देता, मग ते का देत नाहीत?

“मी किती कापते?” मावशी म्हणाल्या.

“अर्धे.”

“अन् उरलेले अर्धे?”

चार वर्षांत हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी गावी असतानाही मावशींना खोलीभाडं होतं, भांडी तेवढीच होती, पोळ्या लाटणारी बाई तीच होती. ते अर्धे पैसे मी दर खेपेला हसत दिले होते, वर त्यांना दयाळू म्हटलं होतं! “मे महिन्यात सगळी पोरं गावाला जातात,” मावशी म्हणाल्या, “मी कुलूप लावते, तरी बिल येतंच. मी बी शिव्या देते. पण भरते. मीटर काढून नाय देत.” गरिबाच्या घराला आकार कमी पाहिजे, हे माझं म्हणणं अजूनही कायम आहे, आणि मावशींनाही ते पटतं. फक्त ते म्हणताना घरात लाइट असावी, एवढंच त्यांचं म्हणणं.

शुक्रवारी दुपारी अकराच्या अकरा ब्लाउज वंदनाताईंच्या हाती पडले. त्यांनी एक उलगडून पाहिला, शिलाई तपासली, खूश झाल्या आणि म्हणाल्या, काम लई सुबक केलंस गं, पण का कोण जाणे, हे हातात घेतलं की भूक लागल्यासारखं होतं. संगीताला त्या लग्नातून आणखी सात ब्लाउज मिळाले. सासूबाईंनी जाताना माझ्याशी नाही, पण मावशींशी गळाभेट घेतली.

मावशींचे उपकार मी एक दिवस फेडणार आहे. इतकी वर्षं त्या उभ्या राहून लोकांना वाढतात. त्यांना आमच्या घरी पाटावर बसवायचं आणि सगळा स्वयंपाक माझ्या हातानं करून गरम गरम वाढायचा, असं मी ठरवलंय. संगीताला सांगितलं, तेव्हा ती मशीनवरून मान न उचलता म्हणाली, “जरूर बोलवा. फक्त मावशींना म्हणा, येताना जेवून या.”