नवऱ्याच्या श्वासाची झडती

आजारी नवऱ्याला दारुडा ठरवून मी अख्खा पावसाळा त्याचं तोंड हुंगत घालवला, हे सांगितलं की माझ्या नाती हसून लोळतात. हसू द्या. तेव्हाची मी होतेच तशी. शिक्षण सातवी आणि तोरा फौजदाराचा.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी होऊन काही वर्षं झाली होती. म्हणजे दारू दुकानातून उठून नाल्याकाठी गेली होती. देवळीजवळच्या आमच्या गावात कोण कुठे बसतो, हे बायकांना पाठ असायचं. त्यात ह्यांचं पोट वाढायला लागलं. हात वाळले, पाय सुजले, पोट मात्र पुढे. गावातल्या डॉक्टरने बरगडीखाली दाबलं आणि लिव्हर सुजलंय म्हणाला. माझी मोठी जाऊ दारातच उभी होती.

"लिव्हर काय वरणभातानं सुजते का वं?" ती म्हणाली. "भाऊजीवर नजर ठेव."

झालं. हे शेतातून आले की पाण्याचा तांब्या द्यायच्या निमित्ताने मी अगदी तोंडाशी जायची. वास कधीच आला नाही. त्याने समाधान व्हावं की नाही? उलट संशय वाढला, कारण मी जवळ गेले की हे श्वास रोखून धरायचे. पोटात काही नसेल तर माणूस श्वास लपवेल कशाला? एकदा धीर करून म्हटलं, "फुंका बरं जरा."

"काऊन? मी चुलीपाशची फुंकणी आहो का?"

फुंकले नाहीत. माझ्या कोर्टात गुन्हा शाबीत झाला. मोठ्या दवाखान्यात न्यायचं मी टाळत राहिले. तिथे चारचौघांत बेवडा म्हणून नाव निघेल, वरून पोलीस विचारायला येतील. शेवटी ओट्याच्या दोन पायऱ्या चढताना ह्यांना धाप लागली, तेव्हा कुठे वर्ध्याची बस धरली.

तिथला डॉक्टर तरुण होता. ह्यांना अर्धवट निजवून म्हणाला, "खोल श्वास घ्या." हात लिव्हरवर आणि नजर मानेवर. मला तोही ह्यांना सामील वाटला. दुखणं पोटाचं, आणि हा मान काय बघतो? मी हळूच म्हटलं, "साहेब, हे घेतात. कबूल करत नाहीत."

"वास आला कधी?"

"नाही. पण श्वास रोखतात."

त्याने मला जवळ बोलावलं. हे श्वास आत घेत तशी मानेची शीर दोरीसारखी फुगून वर चढत होती.

"तुमची-माझी शीर श्वास घेताना खाली बसते," तो म्हणाला. "छातीखालचा पडदा खाली येतो, लिव्हर दाबलं जातं, छातीत ओढ तयार होते आणि लिव्हरमधलं रक्त वर हृदयात जातं. ह्यांच्या हृदयाभोवतीचं आवरण कडक झालंय. आलेलं रक्त आत मावत नाही. मग ते मानेत चढतं आणि लिव्हरमध्ये तुंबतं. दारूचा ह्यात काही संबंध नाही. क्षयाने होतं असं बरेचदा."

कापूस खरेदी केंद्राचं फाटक बंद असलं की मागे रस्त्यापर्यंत बैलबंड्या तुंबतात, ते डोळ्यांसमोर आलं. इतके दिवस फाटक सोडून मी शेवटच्या बंडीवाल्याची झडती घेत होते.

"आधी का आणलं नाही?" डॉक्टरने विचारलं. तेव्हा सगळं सांगावं लागलं. हुंगणंसुद्धा, ह्यांच्या देखत. हे छताकडे बघत राहिले. खोल श्वासाने दुखत असेल म्हणून रोखत असतील, एवढंच डॉक्टर म्हणाला.

गोळ्या सुरू झाल्या, मग नागपूरला ऑपरेशन. छाती उघडणार म्हटल्यावर माणूस परत मिळतो की नाही, ह्या धास्तीत मी बाकावर बसून होते. मिळाला. पोट उतरलं, शीर खाली बसली; पण हुंगण्याबद्दल हे एक शब्द बोलेनात, आणि मला वाटलं, आता जन्मभर मनात धरणार. टाके काढले त्या दुपारी मी संत्रं सोलत होते, तेव्हा माझ्याकडे न बघता हे म्हणाले, "डॉक्टर काही म्हणो, दुखे म्हणून नव्हतो मी श्वास रोखत. तू जवळ आली का मले वाटे, इतक्या वर्षानं बाईले माया सुटली. हललो त दूर होशीन, म्हणून धरून बसत होतो."