तांबटलेल्या चादरी

लाँड्रीत वहिनींचा शब्द शेवटचा. नवरा इस्त्री करी, त्या धुलाई बघत, आणि शेजारच्या पेट्रोल पंपाचा मालक, नवऱ्याचा शाळेपासूनचा मित्र, रोज सकाळी चहाला येई. "वहिनी, तुमच्या हातची चादर म्हणजे दुधावरची साय," म्हणे. त्याचं ऐकून सारा रस्ता त्यांना वहिनी म्हणू लागला होता.

मग चादरी तांबटायला लागल्या. बोअरचं पाणी नळातून येताना काचेसारखं नितळ. पण चादर दोरीवर वाळली की जागोजाग गंजासारखे डाग. वहिनींनी साबण बदलला, टाकी घासली, मशीन उघडून पाहिलं. डाग हटेनात. इस्पितळानं चादरी पाठवणं बंद केलं. हॉटेलवाल्यानं तर तोंडावर सांगितलं, "वहिनी, तुम्ही हलकी पावडर वापरता म्हणे. पंपवाले सांगत होते."

हे वहिनींच्या जिव्हारी लागलं, पण त्यांनी गिळलं. पुढे पाण्याला पेट्रोलचा वास यायला लागला. त्याच सुमारास पंपाच्या टाक्या दुरुस्त करणारा मिस्त्री कपडे टाकायला आला आणि नाक वर करून हुंगत म्हणाला, "इथवर आलं वाटतं! मी मालकांना तेव्हाच म्हटलं होतं, जमिनीखालची टाकी गळतेय, बदला. म्हणाले, बघू."

वहिनी बादली धरून तशाच उभ्या राहिल्या. म्हणजे ठाऊक होतं! ठाऊक असून समोर बसून चहा ढोसला, आणि खापर फोडलं आपल्या पावडरीवर.

"जाऊ दे," नवरा पुटपुटला. "मित्र आहे."

"तुमचा असेल."

दुसऱ्या दिवशी वहिनींनी सगळ्यात डागाळलेल्या चादरी पंपाच्या तोंडासमोर वाळत घातल्या. गाडीवाले विचारत, "हे काय हो?" वहिनी गोड हसून सांगत, "भाऊजींच्या टाकीची कृपा." गिऱ्हाईक पुढच्या पंपावर जाऊ लागलं. मालक हातापाया पडला, मग धमक्या देऊन गेला. चादरी हलल्या नाहीत. वहिनींची तक्रारही प्रदूषण मंडळाकडे गेली, आणि पाणी तपासायला तिथल्या प्रयोगशाळेतल्या मॅडम आल्या.

"पेट्रोल जमिनीतले जंतू खातात," मॅडमनी समजावलं. "खाताना त्यांना ऑक्सिजन लागतो. तो संपला की ते मातीतल्या लोखंडावर भागवतात. ते लोखंड पाण्यात विरघळतं, वर येऊन हवा लागली की गंजतं. तुमचे डाग त्याचेच."

पंपवाल्याला तेवढंच हवं होतं. "जंतू खातायत ना? मग खाऊ द्या की! टाकी कशाला उकरायची?"

वहिनींच्या डोळ्यांत अंगार फुलला. याचं पाप धुवायला जंतूही फुकट राबायचे!

"वरून गळत राहिलं तर ते कुठवर पुरे पडणार?" मॅडम म्हणाल्या. "आणि त्यातलं बेन्झीन सगळ्यात विषारी. हवेशिवाय ते फार सावकाश संपतं."

टाकी उकरली. तळाला भोकंच भोकं. पंपाला टाळं लागलं. जंतूंना लोखंडाऐवजी वापरता यावं म्हणून जमिनीत सल्फेटचं मीठ सोडायचं आणि पाणी स्वच्छ होईतो नमुने घ्यायचे, असं ठरलं. वहिनींची एकच अट: प्रत्येक नमुन्याला मालकानं जातीनं हजर राहायचं.

तो येई. त्या मिठानं पाण्याला आता सडक्या अंड्यांचा वास मारी. तो रुमाल लावून बोअरपाशी उभा राही, रस्ता बघत राही.

"वहिनी, किती वर्षं ही शिक्षा?" त्यानं एकदा विचारलं.

"मला काय विचारता, भाऊजी? जंतूंना विचारा."

अहवाल वाईट आला की नवऱ्याचा चेहरा पडे. वहिनी मात्र त्या दिवशी गुणगुणत कपडे पिळत. पाणी टँकरनं येत होतं, जुनी गिऱ्हाइकं अर्धीसुद्धा परतली नव्हती. तरी पाणी लवकर सुधारावं असं त्यांना मनापासून वाटेना. नवऱ्याला हे कळत होतं. त्यानं मित्राशी बोलणं सोडलं नाही, आणि घरातही तो कमी बोलू लागला.

मग एका सकाळी मॅडम हसतच आल्या. "बेन्झीन निम्म्यावर आलं! जंतूंनी जोर धरलाय."

नवऱ्यानं इस्त्री उभी केली आणि पहिल्यांदाच मोकळा श्वास घेतला. "ऐकलंस का? आता तरी सोड त्याला."

वहिनींनी कपडा झटकला. "निम्मंच ना?" म्हणाल्या, आणि दाराशी उभ्या असलेल्या भाऊजींना त्यांनी पुढच्या नमुन्याची तारीख सांगितली.