विहीणबाईंसाठी धुरी

धुळ्यातल्या आमच्या गच्चीवर मी डुकराचं मटण धुरावर ठेवलं होतं, हे जळगावला माझ्या माहेरी कळलं असतं तर आक्का महिनाभर माझ्याशी बोलली नसती. मी स्वतः अंडंसुद्धा खात नाही. पण मला विहीणबाईंना एकदा तरी माझ्या घरी जेवायला घालायचं होतं.

मुलाचं लग्न ठरलं तेव्हा आम्ही पिंपळनेरच्या पलीकडे त्यांच्या गावी गेलो होतो. चुलीच्या वर तारेला मटणाच्या पट्ट्या टांगलेल्या दिसल्या. कसलं मटण, असं मीच विचारलं आणि 'डुकराचं' हे उत्तर ऐकून पटकन म्हणाले, "आज माझा उपास आहे." पाणीसुद्धा घेतलं नाही. तेव्हापासून विहीणबाई आमच्याकडे आल्या आणि पानं मांडली, की त्या हात जोडतात. "मना उपास शे." वार कोणताही असो. चार वर्षं झाली याला. आम्ही जेवतो, त्या बाहेर ओट्यावर बसतात. सून त्यांचं पान उचलून ठेवते, तेव्हा मला राग येतो. अर्थात राग स्वतःचाच.

या थंडीत मुलाने घरच्या घरी बार्बेक्यूचा बेत केला आणि विहीणबाईंनाही बोलावलं. मी म्हटलं, "मटण मी करते. तुझ्या सासूबाईंकडे करतात तसं, धुरावर." मुलगा आणि सून माझ्याकडे बघतच राहिली. सुनेने डुकराचं मटण आणलं, मीठ, हळद, लसूण लावून ठेवलं. पुढचं माझ्यावर सोडा, मी म्हटलं. भरिताची वांगी भाजण्यात हयात गेली माझी, मला काय धुराचं शिकवता?

भरिताला लागतात पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं. मी भाराभर मागवल्या, तेलाच्या कापलेल्या डब्यात कोंबल्या, वर जाळी ठेवून मटण मांडलं आणि काडी लावली. जाळ माझ्या कमरेएवढा वर आला. वांग्याला असाच जाळ लागतो, साल करपते आणि आतला गर शिजतो. मटणाला साल नसते, हे मला मटण काळं पडल्यावर सुचलं. सुरी घालून पाहिली तर आत कच्चंच. वास मात्र वाईट नव्हता. मी नाक जरा पुढे केलं, मग कोणी बघत नाही ना ते पाहिलं आणि पुन्हा केलं.

तेवढ्यात जिन्यावरून विहीणबाई वर आल्या. दुपारची एसटी लवकर मिळाली म्हणे. त्यांनी डब्यात वाकून पाहिलं.

"हाई भरीत शे का?"

"मटण आहे," मी म्हटलं. "तुमच्यासाठी. बिघडलं वाटतं."

त्यांनी पदर खोचला. पेटत्या पऱ्हाट्या चिमट्याने बाहेर ओढल्या, तळाशी थोडा विस्तव ठेवला. "जाळ नही, धूर जोयजे." सुनेकडून अंगणातल्या आंब्याची ओली फांदी तोडून आणवली, तिचे तुकडे विस्तवावर टाकले. मटणाचा करपलेला भाग खरवडून लांब पट्ट्या कापल्या, डब्यावर ताणलेल्या तारेला अडकवल्या आणि वर ओलं पोतं टाकलं. मग आम्ही दोघी शेजारी बसलो. मला राहवेना. ओलंच लाकूड का? किती वेळ? खराब कसं होत नाही? दर पाच मिनिटांनी मी पोतं उचलून बघायचे, आणि त्या माझ्या हातावर चापट मारायच्या. चार वर्षांत झालं नसेल तेवढं बोलणं त्या दुपारी झालं.

दिवस मावळताना पट्ट्या तांबूस झाल्या. मुलाने त्या निखाऱ्यावर नीट शिजवून घेतल्या. गच्चीवरच पानं मांडली. विहीणबाईंचं पान मी स्वतः वाढलं. त्यांनी ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हात जोडले नाहीत, पण पुढेही केले नाहीत.

"त्या दिन तुमना उपास व्हता का?"

मुलगा आणि सून दोघंही भाकरी मोडायची थांबली. खोटं तयार होतं माझ्याकडे, आजही.

"नव्हता," मी म्हटलं. "मला किळस आली होती. आणि ती तुम्हाला दिसू नये म्हणून उपास सांगितला. चुकलं माझं."

"दिसनी व्हती," त्या म्हणाल्या. त्यांनी एक पट्टी उचलली, भाकरीबरोबर सावकाश चावली. मी त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. चव कशी झाली हे मला कधीच कळणार नव्हतं, त्यांच्या चेहऱ्यावरून कळेल तेवढंच.

"मीठ कमी शे," त्या म्हणाल्या. "आना जराखं."

चार वर्षांत माझ्या घरात त्यांनी पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं. सून उठायला लागली, तिला मी खाली बसवलं आणि मीठ आणायला स्वतः जिना उतरले.